पानं पिवळी पडली की खत नको, आधी कुंडीत काडी खुपसा

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सहावा मजला, गॅलरी दक्षिणेला. हौसेने मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि अरेका पाम हॉलमध्ये ठेवले, जास्वंद आणि तुळस गॅलरीत. रोज सकाळी प्रत्येकाला तांब्याभर पाणी घालते, अधूनमधून चहाचा चोथा. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे. आता एप्रिल संपत आला. मनीप्लांटची पानं एकेक करून पिवळी पडतायत, स्नेक प्लांट बुडाशी मऊ होऊन कलंडलाय, पामच्या पानांची टोकं करपलीत. जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस लागलाय आणि नवी पानं फिकट येतायत. हिवाळ्यात डेरेदार असलेली तुळस पार विरळ झाली. नर्सरीवाल्याने दाणेदार खत आणि एक औषध दिलं, त्याने काहीच फरक पडला नाही. काय चुकतंय?

उत्तर :

ते खत आणि ती औषधाची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवून द्या आणि निदान महिनाभर बाहेर काढू नका. तुमच्या पाचही झाडांपैकी एकाचंही दुखणं खत कमी पडल्याचं नाही. कीड आहे ती जास्वंदीवर, कदाचित तुळशीवरही, आणि ती त्या बाटलीशिवाय जाते. बाकी सगळं मुळांशी साचलेलं पाणी, पाण्यातले क्षार आणि ऊन या तिघांत अडकलेलं आहे. पान पिवळं दिसलं की खत घालायचं, ही सवय शहरातल्या कुंड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान करते. सडायला लागलेल्या मुळांवर खत पडलं की उरलेली मुळंही जातात.

आज फक्त एक करा. खराट्याची लांब काडी घ्या, कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाचेक मिनिटं तशीच ठेवून बाहेर काढा. काडी गडद, ओलसर आणि मातीचे कण चिकटलेली आली तर खाली ओल आहे, पाणी द्यायचं नाही. वरची माती बोटाने चाचपून अंदाज घेण्यात फसगत होते, कारण हल्ली बहुतेक कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तो वरून एका दिवसात फिकट आणि कोरडा दिसतो, पण चार बोटं खाली चिंब असतो. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर लगेच कुंडी थोडी उचलून पाहा, मग तीन दिवसांनी पुन्हा उचला. दोन-तीन वेळा असं केलंत की पुढे काडीचीही गरज पडणार नाही.

तुमच्या हॉलमधल्या कुंड्यांमध्ये काडी ओली येणार याची मला खात्री वाटते. रोज तांब्याभर पाणी हे गॅलरीत प्रखर उजेडात आणि उकाड्यात असलेल्या जास्वंदीला एप्रिलमध्ये चालतं. हॉलमधल्या झाडाला नाही. झाड पाणी पितं ते ऊन मिळतं त्या मानाने. उजेड कमी झाला की पानांतून बाष्प कमी जातं आणि मुळं पाणी ओढत नाहीत. मग ते पाणी कुंडीतच राहतं. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि ओल्या मातीतल्या बुरशींना आयती संधी मिळते. सडलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून वरचं झाड तहानल्यासारखं मान टाकतं. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो. माती ओली असताना झाड सुकलेलं दिसलं, तर ते मुळांचं दुखणं आहे असंच समजायचं.

मनीप्लांटपासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात सोशिक आहे. वर्तमानपत्र पसरा, झाड कुंडीसकट आडवं करा आणि हलकेच बाहेर ओढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि कडक असतात. सडलेली मुळं तपकिरी-काळी होतात, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. कुबट वासही येतो. अशी सगळी मुळं स्वच्छ कात्रीने काढून टाका. मुळं निम्म्याहून जास्त गेली असतील तर वेलही तेवढाच छाटा, उरलेल्या मुळांवर इतक्या पानांचा भार नको. छाटलेल्या वेलाचे तुकडे फेकू नका. पानाच्या देठाजवळ वेलावर जो तपकिरी उंचवटा दिसतो तिथूनच मूळ फुटतं. तो उंचवटा पाण्यात बुडेल आणि पान वर राहील असे तुकडे बाटलीत ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. पंधरा दिवसांत ते रुजायला लागतील. नुसत्या पानाला मात्र मूळ फुटलं तरी वेल कधीच येत नाही.

झाड बाहेर काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसेल. मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा. आपल्याकडच्या नर्सरींत कितीतरी झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येतात, आणि त्या प्रवासात गोळा फुटू नये म्हणून चिकट माती सोयीची पडते. घरी आणल्यावर आपण त्या गोळ्याभोवती भुसभुशीत माती भरतो. मग दोनपैकी एक होतं. गोळा एकदा सुकला की पाणी त्याच्या बाजूने वाहून तळाच्या भोकातून निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. नाहीतर गोळा पाणी धरून ठेवतो आणि भोवतालची माती कोरडी दिसत असताना आत सडत राहतं. मनीप्लांटचा गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवून बोटांनी पूर्ण मोकळा केला तरी चालतो. पामचा आणि जास्वंदीचा मात्र असा धुवून काढू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. त्यांचा फक्त बाहेरचा थर सैल करायचा, आणि तेही पावसाळा लागल्यावर.

मातीचं मिश्रण म्हणून मी घरातल्या झाडांसाठी एक भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग काहीतरी जाड आणि अर्धा भाग गांडूळखत वापरतो. जाड म्हणजे पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), नदीची जाड रेती, विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, लाकडी कोळशाचे तुकडे, जे मिळेल ते. बांधकामावरून क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणणार असाल तर चाळून फक्त वरचे जाड कण घ्या. त्यातली भुकटी मातीच्या पोकळ्या बुजवते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पहिलं पाणी पिळून टाका, त्यात बऱ्याचदा क्षार असतात.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचा थर दिला की निचरा चांगला होतो, हे तुम्हाला सगळे सांगतील. तसं होत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, ते दोन थरांच्या सीमेवर अडकतं. खडीचा थर दोन इंचांचा असेल तर पाणथळ माती तेवढी दोन इंच वर, मुळांच्या जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा हवा असेल तर जाड कण सगळ्या मिश्रणात मिसळा. कुंडीही आधीच्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या. छोट्या झाडाला भलीमोठी कुंडी दिली की मुळं पोचलेली नसलेली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. हॉलमध्ये शोभेच्या, बिनभोकाच्या सिरॅमिक कुंडीत थेट झाड लावलं असेल तर ते आजच काढा. झाड साध्या भोकाच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी शोभेच्या कुंडीत ठेवा.

स्नेक प्लांटचं बूड मऊ झालंय म्हणजे मातीखालचा जाड कंद सडलाय. त्या कंदात आणि पानांत हे झाड पाणी साठवतं. पानांची रंध्रं दिवसा जवळजवळ बंद ठेवून रात्री उघडतं, त्यामुळे त्याचं पाणी फार कमी खर्च होतं. हॉलमध्ये त्याला पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी भरपूर झालं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. रोजच्या तांब्याने ते पाच महिने टिकलं हे त्याचं मोठेपण. आता ते उपटा. कंदाचा कडक, पिवळसर भाग सापडला तर तो कापून वेगळा करा. सगळाच कंद गेला असेल तर पानं वाचवा. मऊ झालेल्या भागाच्या बऱ्याच वर, कडक जागी कापा, चार-चार इंचांचे तुकडे करा आणि कापलेली कड सुकायला तीन-चार दिवस सावलीत ठेवा. मग जाड रेती जास्त असलेल्या मिश्रणात लावा. तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटा लावला तर रुजत नाही. मुळं यायला महिना-दोन महिने लागतात, तोवर उकरून बघू नका. पानांना पिवळी किनार असेल तर एक लक्षात ठेवा. पानाच्या तुकड्यातून येणारं नवं झाड सगळं हिरवं येतं, किनार राखायची तर कंदाचा तुकडाच लागतो. म्हणून कंद नीट तपासा, बोटभर कडक भाग मिळाला तरी पुरे.

पाणी द्यायचं तेव्हा मात्र हात आखडू नका. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा काडी कोरडी आल्यावर एकदाच, तळाच्या भोकातून वाहेपर्यंत द्यायचं. सगळ्या मुळांना ते पोचतं आणि साठलेले क्षारही थोडे धुऊन जातात. ताटलीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. त्यात कुंडी उभी राहिली तर खालची माती ते परत शोषते. आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर कुंड्यांखालच्या ताटल्या बघत फिरतात. मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणीही त्यासाठीच बदलत राहायचं.

आता तुळस. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा की हिवाळ्यात ती डेरेदार होती आणि जागा न बदलता विरळ झाली. जागा तीच आहे, पण सूर्य तिथे राहिलेला नाही. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. म्हणून तेव्हा तुमच्या गॅलरीतून ऊन थेट हॉलच्या फरशीवर येत असणार. मार्चअखेरपासून तो पूर्वेच्या उत्तरेकडे सरकून उगवतो, सकाळचं कोवळं ऊन इमारतीच्या मागच्या बाजूला पडतं. एप्रिलअखेर दुपारी तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत उन्हाळाभर प्रखर उजेड आणि उकाडा असतो, पण थेट ऊन जवळपास नसतं. गॅलरी तापते म्हणून आपल्याला वाटतं की ऊन आहे. तुळशीला रोज निदान पाच तास थेट ऊन हवं.

खात्री करायची असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर फूटभर अंतरावर हात धरा. काठ रेखीव असलेली काळी सावली पडली तर थेट ऊन आहे. कडा पुसट, पण सावली ओळखू येते, तर मनीप्लांट आणि पामसाठी उत्तम उजेड आहे. सावलीच दिसत नसेल तर तिथे कोणतंही झाड फार काळ राहणार नाही, स्नेक प्लांटसुद्धा तग धरतो, वाढत नाही. हा कागद हॉलमध्येही ठेवून बघा. नर्सरीत ज्यांना इनडोअर म्हणून विकतात ती झाडं मुळात दाट जंगलाच्या उजळ सावलीतली असतात, सोफ्यामागच्या कोपऱ्यातली नव्हेत. मनीप्लांट खिडकीपासून चार-पाच फुटांच्या आत आणा.

तुळशीसाठी ऑगस्टअखेरपर्यंत पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी शोधा, किंवा सोसायटीची परवानगी मिळत असेल तर गच्ची. सहाव्या मजल्यावर कठड्याच्या बाहेर कुंडी टांगण्याचा विचारही करू नका. वारा कधी दगा देईल सांगता येत नाही आणि खाली माणसं चालत असतात. नवीन जागी एकदम भर उन्हात न ठेवता आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत जा. बी धरलं की झाड आपली सगळी ताकद तिथे लावतं, पानं लहान येतात आणि फांद्या लाकडासारख्या होतात. चार मंजिऱ्या मात्र पूर्ण वाळू द्या. तुळस कुंडीत साधारण दोन-तीन वर्षं चांगली राहते, त्यानंतर कितीही जपलं तरी ती थकते. वाळलेल्या मंजिऱ्या हातावर चोळून पडलेलं बारीक काळं बी ओल्या मातीवर भुरभुरलं की दहा-बारा दिवसांत रोपं येतात. हळद-कुंकू खोडाला आणि मातीत न वाहता कुंडीच्या काठाला वाहा, दिवा पानांपासून हातभर लांब ठेवा, दुधाचा नैवेद्य मातीत ओतू नका. पूजेत काही कमी होत नाही आणि झाडाला सुख मिळतं.

तुळशीची पानं आकसून तपकिरी होत असतील तर एक पान उलटं करून बघा. मागे काळे चकचकीत ठिपके आणि जाळीदार पंखांचे दोन-तीन मिलीमीटरचे करडे किडे दिसले, तर तो तुळशीवरचा खास ढेकूण आहे. काळे ठिपके ही त्याची विष्ठा. फारच कमी लोक याला ओळखतात, बहुतेकांना वाटतं उन्हाने जळली. एक तृतीयांश फांद्या छाटा, छाटलेलं पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, आणि राहिलेली पानं मागच्या बाजूने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. दर चार-पाच दिवसांनी तीनदा असं धुतलं की बहुतेक वेळा भागतं.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावरच्या मेणामुळे त्याच्यावर नुसतं पाणी टिकत नाही. शेंडा आखडून गुच्छासारखा झाला असेल तर तिथून वाचवण्यासारखं काही नसतं, चार इंच खालून छाटा. राहिलेल्या फांद्यांवर, विशेषतः पानांच्या बेचक्यांत, सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. मग लिटरभर कोमट पाण्यात आधी भांड्यांच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब नीट मिसळा, त्यात पाच मिली निमतेल घालून जोरात हलवा. तेल वर तरंगत असेल तर फवारू नका, पानं भाजतात. फवारणी ऊन उतरल्यावर संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी. आदल्या दिवशी एका पानावर करून बघा. कापसासारख्या पिशवीत अंडी असतात आणि त्यांना काही होत नाही. ती आठवडाभरात उबतात, म्हणून दर सहा-सात दिवसांनी चार वेळा हेच करावं लागतं. लोक एकदा फवारून थांबतात आणि निमतेल निरुपयोगी ठरवतात.

मुंग्यांकडेही बघा. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकट स्राव येतो. त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्या पिल्लांना उचलून दुसऱ्या फांदीवर नेतात. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. परातीतल्या पाण्यात थोडं साबणपाणी टाका, म्हणजे तिथे डास होणार नाहीत. आणि एखादा पांढरा, झालरीदार, इतरांपेक्षा मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती पिठ्या ढेकूण खाणाऱ्या लेडीबर्डची अळी असते, आपल्या द्राक्षबागांमध्ये हे भुंगेरे मुद्दाम सोडतात.

जास्वंदीची नवी पानं फिकट आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ते लोह मिळत नसल्याचं लक्षण आहे. कुठलं पान आधी पिवळं पडतं हे यात महत्त्वाचं. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून शेंड्याची पानं पिवळी. मातीत लोह नसतं असं नाही, पण बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते आणि त्यात लोह विरघळत नाही. म्हणूनच कुंडीत गंजलेले खिळे पुरून उपयोग होत नाही, तेही तसेच पडून राहतात. मोगरा, अनंत आणि कढीपत्त्यावरही हेच दिसतं. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (अल्कधर्मी मातीतही विरघळलेलं राहील असं बांधलेलं लोह) मागा, साधं ईडीटीए अल्कधर्मी मातीत फार टिकत नाही. ईडीडीएचए पाण्यात टाकल्यावर गडद लाल रंग येतो. पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं घेऊन मातीत द्या. आधीची पिवळी पानं फारशी सुधारणार नाहीत, पुढची पानं बघायची.

अरेका पामची करपलेली टोकं याच पाण्याची देणगी आहे. झाड पाणी घेतं, क्षार मागे राहतात, दर दिवशी थोडे थोडे साठतात आणि शेवटी पानाच्या टोकाशी दिसतात. नळाच्या तोटीवर पांढरा थर, कुंडीच्या काठावर पांढरी रांग, साबणाला फेस कमी, या खुणा तुमच्या घरात दिसत असतील. प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालत असाल तर थांबवा, त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीचं साठवलेलं पाणी मात्र चालतं. आत्ता पामची कुंडी बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश ओता आणि पूर्ण निथळू द्या. मिळेल ते पाणी वापरा, जड पाण्यानेही साठलेले क्षार काही प्रमाणात धुतले जातात. मग जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर सगळ्या कुंड्या एकदा पावसात ठेवा. माती धुण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं पाणी आपल्याला दुसरं मिळत नाही. करपलेली टोकं तिरकी कापा, पण तपकिरी रंगाची एक बारीक रेघ ठेवून. हिरव्या भागात कापलं की ते तिथून पुन्हा सुकतं. पानावर बारीक फिके ठिपके आणि मागे जाळं दिसलं तर लाल कोळी आहे. तो कोरड्या उन्हाळ्यातच वाढतो आणि पानांच्या मागच्या बाजूला पाणी मारत राहिलं की हटतो. एसीचा झोत थेट पामवर येत असेल तर जागा बदला.

चहाचा चोथा थेट कुंडीत नको. आपला चहा दूध-साखरेचा, त्यावर बुरशी येते, चिलटं होतात, मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण. धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये घाला. नवी पानं यायला लागली, म्हणजे मुळं कामाला लागली, की मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड महिन्यातून एकदा जास्वंदीला द्या. मनीप्लांट आणि पामला दोन महिन्यांतून एकदा पुरे. स्नेक प्लांटला वर्षभर काही दिलं नाही तरी चालतं. ते दाणेदार खत वापरायचंच असेल तर पावसाळ्यात, ओल्या मातीत, खोडापासून लांब, आणि सांगितलेल्याच्या पाव प्रमाणात.

नर्सरीवाल्याने दिलेल्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. लाल त्रिकोण असेल तर ते अत्यंत विषारी, पिवळा असेल तर जास्त विषारी. दोन्ही घरात ठेवण्यासारखी नाहीत, लहान मुलं आणि मांजर-कुत्री असलेल्या घरात तर मुळीच नाही. ज्या तुळशीचं पान आपण तीर्थात आणि काढ्यात घालतो, तिच्यावर मातीतून झाडात शिरणारं कीटकनाशक कधीही घालू नका, ते धुऊन जात नाही. आधीच घातलं असेल तर त्या झाडाचं पान यापुढे तोंडात घालू नका आणि नव्या बियांची रोपं वेगळ्या कुंडीत, नव्या मातीत करा.